नकाराचं पत्र वाचताना
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांनी मला ‘सैन्यातले अनुभव’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय ऐकून काहींना वाटलं असेल, आता लढाईच्या गोष्टी ऐकायला मिळणार. त्यांची थोडी निराशा होईल. मी १९८६ साली भरती झालो आणि २०१४ साली सुभेदार म्हणून घरी आलो, पण या २८ वर्षांत मी लिपिक होतो. माझ्या बंदुकीतून जेवढ्या गोळ्या सुटल्या, त्याच्या हजारपट कागद माझ्या टंकलेखन यंत्रातून सुटले. त्यामुळे बोलणार आहे तेही एका कागदाबद्दलच. हा कागद नकाराचा असतो. आजारी किंवा जखमी होऊन सैन्यातून बाहेर पडलेल्या जवानाच्या घरी तो येतो, आणि बहुतेक घरांत तो वाचून नव्हे, नुसता पाहूनच पेटीत ठेवला जातो.

त्या कागदावरचं मुख्य वाक्य इंग्रजीत असतं. त्याचा अर्थ असा : तुमचा आजार सैनिकी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, म्हणून अपंगत्व निवृत्तिवेतन देता येत नाही. इंग्रजीतल्या ‘नीदर अ‍ॅट्रिब्यूटेबल नॉर अ‍ॅग्रॅव्हेटेड’ या शब्दांचं फायलीतलं लघुरूप आहे ‘नाना’. आपल्याकडे नाना म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. नानांनी नाही म्हटलं की पुढे कोण बोलणार? आमचे जवानही तसंच करतात. पंधरा-वीस वर्षं ‘जी साहब’ म्हणायची सवय लागलेली असते. साहेबांनी सही करून लिहिलं म्हणजे विषय संपला, असं ते मानतात. मला आज एवढंच सांगायचं आहे की त्या पत्राने विषय संपत नाही. ते सरकारचं पहिलं उत्तर असतं, आणि त्याला प्रत्युत्तर लिहायचा अधिकार कायद्याने दिलेला आहे.

एक उदाहरण सांगतो. माणसाचं नाव सांगत नाही, कारण तो इथे नाही आणि मी त्याला विचारलेलं नाही. कन्नड तालुक्यातला जवान. १९९७ साली भरती झाला तेव्हा डॉक्टरांनी डोक्यापासून पायापर्यंत तपासून ‘फिट’ लिहिलं. २००३ साली जम्मू-काश्मीरमध्ये असताना त्याला पहिली फीट आली. उपचार झाले, हलकं काम दिलं, पुन्हा फीट आली. २००६ साली मेडिकल बोर्ड बसलं आणि ९ वर्षांच्या नोकरीनंतर तो घरी आला. २००७ साली ‘नाना’चं पत्र आलं. त्याने ते डिस्चार्ज बुकात घडी घालून ठेवलं आणि वाळूजच्या एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षारक्षक म्हणून उभा राहिला. फीट येणाऱ्या माणसाला रात्रपाळी चालत नाही. रात्रपाळी नाकारली की नोकरी टिकत नाही. १४ वर्षांत त्याने अशा अनेक गेटांवर काम केलं.

२०२१ साली ते पत्र पेटीतून बाहेर काढलं त्याच्या मुलीने. ती तेव्हा दहावीत होती आणि इंग्रजीच्या तासाला ‘नीदर-नॉर’चं व्याकरण नुकतंच शिकली होती. तिने पूर्ण पत्र वाचलं आणि वडिलांना विचारलं, “बाबा, यात नाही म्हटलंय, पण का नाही ते कुठं लिहिलंय?” आपल्या वर्गातल्या एका मित्राची त्या गावाशी सोयरीक आहे. त्याच्यामार्फत बाप-लेक माझ्याकडे आले. मी २८ वर्षं अशा फायली हाताळल्या आहेत. तरी सांगतो, इतका नेमका प्रश्न मी फार कमी वेळा ऐकला आहे.

कारण सर्वोच्च न्यायालयाने हाच प्रश्न विचारला होता. धरमवीर सिंग नावाचा सिग्नल्सचा जवान १९८५ साली भरती झाला आणि १९९४ साली अपस्मारामुळे बाहेर काढला गेला. त्याचं अपंगत्व २० टक्के ठरलं, पण सेवेशी संबंध नाही म्हणून निवृत्तिवेतन नाकारलं. तो उच्च न्यायालयात एकदा जिंकला, मग तिथेच अपिलात हरला, आणि २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात जिंकला. घरी आल्यापासून निकालापर्यंत १९ वर्षं गेली. न्यायालयाने नवं काहीच निर्माण केलं नाही. १९८२ सालचे सरकारचेच नियम सरकारला वाचून दाखवले. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस निरोगी होता असं धरायचं. नंतर प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असं धरायचं. सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही, आणि शंकेचा फायदा त्याला द्यायचा. आजार भरतीच्या वेळी ओळखता येण्यासारखा नव्हता असं बोर्डाचं मत असेल, तर त्याची कारणं बोर्डाने लिहायची. धरमवीर सिंगच्या कागदांत ती कारणं नव्हती. कन्नडच्या जवानाच्या कागदांतही नव्हती.

आता अपील म्हणजे काय करायचं? आपल्या मराठीच्या बाईंनी नववी-दहावीला पत्रलेखन शिकवलं होतं, ते आठवा. प्रति, विषय, संदर्भ, महोदय, आणि मग मुद्देसूद मजकूर. अपील याहून वेगळं नसतं. वक्तृत्व लागत नाही, देशभक्तीची भाषणं लागत नाहीत. पत्रातल्या प्रत्येक वाक्याला एक उत्तर लागतं आणि प्रत्येक उत्तराला एक कागद लागतो.

पहिला कागद म्हणजे मेडिकल बोर्डाची कार्यवाही. नकाराच्या पत्रात फक्त निष्कर्ष असतो, बोर्डाने काय लिहिलं ते या कार्यवाहीत असतं. जवळ नसेल तर माहिती अधिकारात अभिलेख कार्यालयाकडे मागायची. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. आपल्या भागातल्या जवानांचे अभिलेख कुठे कुठे असतात बघा : मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, चिलखती दलाचे अहिल्यानगरला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. जवानाचं गाव कुठलंही असो, फाईल त्याच्या रेजिमेंटच्या गावी असते.

दुसरी गोष्ट तारखांची. एका कागदावर भरतीपासून बाहेर पडेपर्यंतच्या सगळ्या नेमणुका लिहायच्या आणि शेजारी आजाराची पहिली नोंद. सियाचीन, लडाख, काश्मीर, ईशान्य भारत हे सगळं त्या कागदावर दिसलं पाहिजे. कधी कधी बोर्ड लिहितं की आजाराची सुरुवात शांत क्षेत्रात झाली, म्हणून सेवेशी संबंध नाही. मग आपण दाखवायचं की त्याआधी तो कुठे होता.

तिसरी गोष्ट मुदतीची. नकाराच्या तारखेपासून ६ महिन्यांत पहिलं अपील करायचं असतं. ते फेटाळलं तर दुसरं अपील. तिथेही नकार आला, किंवा ६ महिने उत्तरच आलं नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येतं. या न्यायाधिकरणाचा कायदा २००७ चा आणि प्रत्यक्ष काम २००९ पासूनचं. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी त्याचं खंडपीठ मुंबईला आहे. आपल्या शहरात १९८१ पासून उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, त्यामुळे लोकांना वाटतं की जालना रोडवर जाऊन सरळ याचिका टाकावी. पण सैनिकाच्या निवृत्तिवेतनाचा पहिला दरवाजा मुंबईच्या न्यायाधिकरणाचा आहे. त्याच्या निकालावर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. क्रम चुकला की वर्षं वाया जातात.

उशीर झाला असेल तर? निवृत्तिवेतन दर महिन्याला देय असतं, म्हणून हक्क पूर्ण मरत नाही. पण थकबाकी आटते. तरसेम सिंग यांच्या प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं. ते १९८३ साली बाहेर पडले होते आणि १९९९ साली न्यायालयात गेले. न्यायालयाने थकबाकी दिली ती दावा दाखल होण्याच्या आधीच्या ३ वर्षांपुरती.

आमच्या कन्नडच्या जवानाचंही हेच झालं. पहिलं अपील मुदतीबाहेरचं म्हणून परत आलं. दुसऱ्याला उत्तर आलं नाही. २०२२ साली न्यायाधिकरणात अर्ज दाखल झाला, सोबत विलंब माफीचा अर्ज. निकाल त्याच्या बाजूने लागला. निवृत्तिवेतन सुरू झालं आणि थकबाकी मिळाली २०१९ पासूनची. २००६ ते २०१९ या १३ वर्षांचे पैसे मिळाले नाहीत. ती १३ वर्षं कुठल्या न्यायाधीशाने कापली नाहीत. ती पेटीत घडी घालून ठेवलेल्या कागदाने कापली.

पैशांचा हिशेबही सांगतो, कारण आपल्यातले बरेच जण बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांना आकडे लागतात. अपंगत्वाचा घटक १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतो आणि अपंगत्व कमी असेल तसा कमी होतो. समजा शेवटचा पगार ३०,००० रुपये आहे. १०० टक्क्यांना ९,००० रुपये, २० टक्क्यांना १,८०० रुपये. पण १९९६ पासून टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याची तरतूद आहे. ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यापुढे १००. म्हणजे १,८०० चे ४,५०० होतात, महागाई भत्ता वेगळा. आधी ही सवलत फक्त आजारामुळे मुदतीआधी बाहेर काढलेल्यांना मिळायची. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही लागू केली. त्याच वर्षी सुखविंदर सिंग या जवानाचा निकाल आला. ऐकण्यातला दोष ६ ते १० टक्के ठरवून त्याला घरी पाठवलं होतं. न्यायालयाने म्हटलं, सैन्यात ठेवण्यालायक नाही इतका दोष असेल, तर तो २० टक्क्यांहून जास्तच आहे असं धरलं पाहिजे.

हे ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे प्रत्येक माजी सैनिकाला हे निवृत्तिवेतन मिळायला हवं का? नाही. हा जनतेचा पैसा आहे आणि खोटा दावा खऱ्या दाव्याचं नुकसान करतो. २०१९ साली नरसिंग यादव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आजाराचा दावा नाकारला. काही आजार भरतीच्या तपासणीत दिसूच शकत नाहीत, म्हणून प्रत्येक आजाराचा दोष आपोआप सेवेला देता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. रजेवरच्या अपघाताचंही तसंच. सचखंड एक्स्प्रेसने आपल्या स्टेशनवर उतरून रजेसाठी सिल्लोडकडे घरी जाताना अपघात झाला, तर तो प्रवास नियमांत कर्तव्याचा भाग धरतात. घरी पोचल्यावर चार दिवसांनी स्वतःच्या शेतातल्या झाडावरून पडला, तर तो धरत नाहीत. असा एक जण माझ्याकडे आला होता. त्याला मी चहा पाजला आणि सांगितलं की यात खर्च करू नकोस. त्याला वाईट वाटलं, पण वकिलाच्या फीसाठी म्हैस विकायची वेळ आली नाही.

आणखी एक सावधगिरी. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत आणि त्यांची भाषा जुन्या नियमांपेक्षा वेगळी आहे. म्हणून जवान कोणत्या तारखेला सैन्यातून बाहेर पडला ते आधी बघायचं. शेजाऱ्याचा निकाल त्याला जसाच्या तसा लागू होईल असं समजायचं नाही.

जिंकल्यावरही काही वेळा सरकार वर जातं. २०१५ साली संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी हे खटले कमी कसे करता येतील ते पाहण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिच्या अहवालात अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या खटल्यांचा मोठा भाग होता. ज्या मुद्द्यावर न्यायालयाने निर्णय दिलेला आहे, त्याच मुद्द्यावर पुन्हा पुन्हा जवानाला कोर्टात उभं करू नये, ही साधी अपेक्षा आहे. ती पुरी होईपर्यंत आपल्याला कागद नीट ठेवावे लागणार.

मुरलीकांत पेटकर यांचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर निकामी झालं, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. त्यांची जखम सगळ्यांना दिसत होती, तरी दखल घ्यायला देशाला ४६ वर्षं लागली. मग ज्याची जखम दिसतच नाही त्याचं काय? रक्तदाब, फीट, बहिरेपणा, पाठीची सरकलेली चकती. गावात लोक म्हणतात, “हा तर धडधाकट दिसतो, नोकरी सोडून का आला?” त्या माणसाला निवृत्तिवेतनाइतकीच गरज असते ती कुणीतरी अधिकृतपणे लिहून देण्याची, की तुझं शरीर देशाच्या कामावर असताना बिघडलं. निकालाची प्रत हातात आल्यावर कन्नडच्या जवानाने मला पैशांबद्दल विचारलं नाही. त्याने विचारलं, “साहेब, हे मराठीत करून गावात दाखवता येईल का?”

सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. तिथे घरोघर सैनिक आहेत. पत्र आलं तर शेजारचे सुभेदारकाका वाचून सांगतात, पुढे काय करायचं तेही सांगतात. आपल्या मराठवाड्यातल्या पुष्कळ गावांत माजी सैनिक एकटाच असतो. त्याच्या शेजारी सुभेदारकाका नसतात. मग त्याचं पत्र कोण वाचणार?

आपण वाचू शकतो. या सभागृहात डॉक्टर आहेत. बोर्डाच्या कार्यवाहीतले वैद्यकीय शब्द ते दहा मिनिटांत समजावू शकतात. वकील आहेत. काही शिक्षक आहेत, ज्यांच्या वर्गात जवानांची मुलं बसतात. बँकेतले आहेत, ज्यांच्या खिडकीवर माजी सैनिक येतात. शिवाय या शहरात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. अदालत रोडवर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, जिथे महिलांना आणि अपंग व्यक्तींना १९८७ च्या कायद्यानुसार मोफत वकील मिळू शकतो. सोयी आहेत. पण माणसाला त्या दारापर्यंत नेणारा कुणीतरी लागतो.

म्हणून मुख्याध्यापक सरांकडे माझी एक विनंती आहे. महिन्यातून एका रविवारी, सकाळी १० ते १, शाळेची एक खोली आम्हाला द्या. एक टेबल, चार खुर्च्या आणि झेरॉक्सची सोय पुरे. मी दर वेळी येईन. माझ्यासोबत एक डॉक्टर आणि एक वकील हवे आहेत, म्हणजे वर्षाचे १२ रविवार. आपण कुणाचा खटला चालवणार नाही, कुणाकडून पैसे घेणार नाही आणि निकालाचं आश्वासनही देणार नाही. आलेलं पत्र पूर्ण वाचायचं, तारीख बघायची, कोणते कागद मागवायचे ते लिहून द्यायचं आणि पहिल्या अपिलाचा मसुदा करून द्यायचा. दावा लंगडा असेल तर तेही तोंडावर सांगायचं.

ज्यांना यायचं आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत दाराजवळच्या वहीत नाव आणि फोन नंबर लिहावा. आणि ज्यांना येणं जमणार नाही, त्यांनी आपल्या गावात, गल्लीत किंवा सोसायटीच्या गेटवर उभा असलेला जुना फौजी दिसला तर एवढंच विचारावं, “तुम्हाला आलेलं पत्र अजून आहे का?” असेल तर त्याला आमच्याकडे पाठवा.

 जय हिंद.